होडीत न उरणारं काम

लाकडाची कनू घरी बांधायला घेतली की पहिले कित्येक दिवस कनूत जाणारं एकही लाकूड हाती लागत नाही. एक लांब तुळई तयार होते, प्लायवुडमधून पंधरा-सोळा चमत्कारिक आकार कापले जातात, ओळंबा लावून ते रांगेत उभे राहतात. सगळीकडे भुसा होतो आणि डोकावणारा प्रत्येक जण विचारतो, "होडी कुठे आहे?" होडी अजून नाहीच. उभं आहे त्यातलं काहीही पाण्यात जाणार नाही. पुढेही हेच चालतं. पट्ट्या धरायला मारलेल्या शेकडो पिना उपसायच्या, चिकटवलेल्या लाकडाचा वरचा थर रंधून टाकायचा, लावलेलं इपॉक्सी (दोन द्रव कालवून लावायचा, घट्ट होणारा राळेसारखा लेप) घासून काढायचं. या कामातला मोठा हिस्सा अशा गोष्टींवर जातो ज्या शेवटी होडीत उरत नाहीत. आणि होडी कशी झाली हे बहुतेक वेळा त्याच हिश्श्यात ठरलेलं असतं.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, अरुंद होडी. वल्हं तिला अडकवलेलं नसतं, ते हातात धरून मारायचं, आणि बसणाऱ्याचं तोंड जायच्या दिशेला. शब्द कॅरिबियन बेटांवरचा, स्पॅनिश खलाशांनी युरोपात नेलेला. वस्तू मात्र त्याहून फार जुनी. नेदरलँड्समध्ये पेसे गावाजवळ १९५५ साली सापडलेली कनू इ.स.पू. ८००० च्या सुमाराची आहे. ती पाइनच्या एका ओंडक्यातून कोरलेली, जेमतेम तीन मीटरची. कोरीव होडीत उरतं त्यापेक्षा जास्त लाकूड बाहेर पडतं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीची कनू केली तीही अशीच: साल जमिनीवर अंथरून दगडांनी दाबायची, कडा वर वळवून भोवती ठोकलेल्या खुंट्यांनी धरायच्या, आणि आकार बसला की खुंट्या उपटून टाकायच्या. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मेन राज्यात लाकूड-कॅनव्हासच्या कनू होऊ लागल्या, तेव्हा खुंट्यांच्या जागी भरीव लाकडी फर्मा, म्हणजे होडीच्या आकाराचा साचा, आला. त्यावर लोखंडी पट्ट्या जडवलेल्या असत. वाफवलेल्या फासळ्या त्या पट्ट्यांवर वाकवायच्या, वरून पातळ फळ्या चुका म्हणजे बारीक खिळे मारून बसवायच्या; चुकेचं टोक लोखंडावर आपटून आपोआप मागे वळे. उत्तम युक्ती, पण तो फर्मा करणं हेच होडीपेक्षा मोठं काम. एकच होडी हवी असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

घरी बांधणाऱ्यासाठी सोयीची ठरते ती अरुंद पट्ट्यांची पद्धत. सिडरसारख्या हलक्या लाकडाच्या ६ मिमी जाड पट्ट्या एकमेकींना चिकटवत कवच तयार करायचं आणि त्याला आतून-बाहेरून इपॉक्सीत भिजवलेलं ग्लासचं कापड लावायचं. फासळ्या नाहीत, खिळे नाहीत. पुढचं सगळं या पद्धतीबद्दल, आणि उदाहरणादाखल ४.९ मीटर म्हणजे १६ फूट लांबीच्या, ८५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन माणसांच्या कनूबद्दल.

नकाशा सिद्ध झालेला घ्यावा. पहिल्याच होडीचा आकार स्वतः रेखाटण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो आवरलेला बरा. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी-रुंदी पाहता अशा कनूच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मीटर भरतं. म्हणजे दर २४-२५ किलो वजनाला ती एक सेंटिमीटर खाली जाते. दोन माणसं आणि सामान मिळून २०० किलो झाले तर आठ सेंटिमीटर. एवढ्या उथळ बुडीत तळाच्या वळणातला थोडासा फरकही वागणूक बदलतो. सपाट तळ स्थिर पाण्यात भक्कम वाटतो, पण कलला की एकदम दगा देतो. किंचित गोलावलेला तळ आधी डुगडुगतो, मग एका मर्यादेला येऊन ठाम उभा राहतो. तळाची मधली रेषा टोकांकडे वर उचललेली असेल तर होडी चटकन वळते आणि सरळ जायला कंटाळते.

नकाशातली मापं बहुतेकदा होडीच्या बाहेरच्या पृष्ठभागाची असतात. फर्मे, म्हणजे होडीच्या आडव्या छेदाच्या आकारात कापलेले प्लायवुडचे तुकडे, पट्ट्यांच्या आत येतात. म्हणून प्रत्येक फर्म्याच्या कडेपासून पट्टीची जाडी, ६ मिमी, आत घ्यावी लागते. काही नकाशांत ती आधीच वजा केलेली असते. हे न वाचता कापलं तर होडी सगळीकडून ६ मिमी जाडजूड तरी होते नाहीतर बारीक तरी, आणि ठरलेल्या लांबीचे काठ बसवताना कळतं की काहीतरी चुकलंय.

फर्मे जिच्यावर उभे करायचे ती तुळई हवी सरळ आणि न पिळवटलेली. दोन तिवयांवर ठेवलेली प्लायवुडची पोकळ पेटी यासाठी उत्तम: आडवा छेद १०×१५ सेंटिमीटर, लांबी होडीपेक्षा थोडी कमी. भरीव ओंडका घेऊ नये, तो ऋतूबरोबर वळतो. पेटीच्या वरच्या अंगावर दोरी ताणून मध्यरेषा मारायची आणि दर ३० सेंटिमीटरवर काटकोनात खूण. १५ खुणा, १५ फर्मे, शिवाय दोन्ही टोकांचे दोन उभे फर्मे.

आता एक बारीक गोष्ट, जी नकाशात कधीकधी एका ओळीत असते आणि वाचताना डोळ्यांखालून निसटते. फर्मा १२ किंवा १५ मिमी जाड असतो, खूण मात्र एक रेघ आहे. मग फर्म्याची कोणती बाजू रेघेवर ठेवायची? होडी टोकांकडे निमुळती होते. म्हणून फर्म्याची टोकाकडची बाजू रेघेवर आणि त्याचं अंग मध्याकडे. असं ठेवलं की पट्टी फर्म्याच्या टोकाकडच्या कडेलाच टेकते आणि ती कड बरोबर रेघेवर असते. उलट ठेवला तर बाहेरची कड पट्टीला ढकलते, आणि प्रत्येक फर्म्यावर होडी दोन-तीन मिमी फुगते. मध्यापाशी हा फरक जाणवत नाही, टोकांपाशी चांगलाच जाणवतो.

फर्मे उभे केल्यावर मापपट्टी खाली ठेवायची आणि डोळे वापरायचे. एक लांब, बिनगाठीची, लवचीक पट्टी घ्यावी आणि ती फर्म्यांवर वेगवेगळ्या उंचीला आडवी धरून पाहावी. कुठे पट्टी आणि फर्मा यांत फट दिसते, कुठे एकच फर्मा पट्टीला वर उचलतो. टोकाशी उकिडवं बसून, एक डोळा मिटून, पट्टीच्या लांबीकडे बघितलं की दोन मिमीचा उंचवटाही लपत नाही. उंचवटा रंध्याने उतरवायचा, खोलगट कडेला पातळ चिपाट चिकटवायचं. कागदावरचं माप आणि पट्टीचं वळण यांचं भांडण झालं तर पट्टीचं ऐकावं. माप उतरवताना चूक होते, ताणलेल्या लाकडाला खोटं वळण घेता येत नाही. या तपासणीला दोन दिवस लागले तरी द्यावेत. इथे सोडलेला उंचवटा पुढे पट्ट्यांत उमटतो, रंध्याने पूर्ण जात नाही, आणि वॉर्निशची चकाकी आली की दहा पावलांवरून दिसतो. चकाकी फार चहाडखोर असते.

शेवटी सगळ्या फर्म्यांच्या कडांना तपकिरी चिकटपट्टी लावायची, म्हणजे गोंद त्यांना धरणार नाही. एखादी कड राहिली तर होडी उचलायच्या दिवशी कळतं.

दोन्ही टोकांना उभं वक्र लाकूड लागतं. त्याला नाळ म्हणू. अ‍ॅशसारख्या चिवट लाकडाच्या ६ मिमीच्या तीन पट्ट्या वाफवून, टोकाच्या फर्म्यावर वाकवून, वाळल्यावर एकमेकींना चिकटवतात. वाफेचा ठोकताळा असा: दर २५ मिमी जाडीला एक तास. म्हणजे ६ मिमीला पंधरा मिनिटं. डब्यातून पट्टी काढल्यापासून ती आवळेपर्यंत काही सेकंदच मिळतात, त्यामुळे क्लॅम्प आधीच उघडून, हाताशी मांडून ठेवलेले असावेत. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाफेला नीट दाद देत नाही, वळणावर तडकतं. हवेत वाळलेलं घ्यावं. वाकवलेली पट्टी सुटल्यावर थोडी मागे येते. तिन्ही एकत्र चिकटल्या की हलत नाहीत. मग नाळेच्या दोन्ही अंगांना रंध्याने उतार द्यायचा. हा उतार वर-खाली सारखा नसतो, प्रत्येक उंचीला पट्टी फर्म्यांवर धरून पाहून काढावा लागतो.

पट्ट्या कापायचा दिवस आवाजाचा आणि धुळीचा. २० मिमी जाडीच्या फळीतून ६ मिमीच्या पट्ट्या उभ्या चिरायच्या. करवतीचं साधं पातं दर चिरेला ३ मिमी लाकूड खातं, म्हणजे एक तृतीयांश लाकडाचा भुसा. पातळ पातं घेतलं तर हा खर्च निम्म्यावर येतो. १५ सेंटिमीटर रुंद फळीतून साध्या पात्याने १६ पट्ट्या निघतात. होडीच्या मधल्या छेदावर एका बाजूला सुमारे ३३ पट्ट्या लागतात, दोन्ही बाजू मिळून ६५-७०, आणि मोडणाऱ्या, गाठी असणाऱ्या धरून ८५ तरी असाव्यात. फळी पूर्ण लांबीची न मिळाल्यास दोन तुकडे तिरप्या सांध्याने जोडता येतात. जाडीच्या आठपट तिरपा सांधा घेतला, म्हणजे इथे ५ सेंटिमीटर, तर तो लाकडाइतकाच वाकतो. सांधे शेजारच्या पट्ट्यांत एकाखाली एक येऊ देऊ नयेत. एका फळीतून निघालेल्या पट्ट्यांवर क्रमांक टाकून एक डावीकडे, एक उजवीकडे वापरली तर दोन्ही बाजूंचा रंग जुळतो. नाहीतर एक बाजू मधाळ आणि दुसरी चॉकलेटी होते. काहींना तेही आवडतं.

सिडरची धूळ नाकात जाऊ देऊ नये. वेस्टर्न रेड सिडरमधल्या प्लिकॅटिक आम्लामुळे काही लोकांना दम्याचा त्रास होतो आणि एकदा शरीर बिथरलं की ते पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही. मास्क पहिल्या दिवसापासून.

प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला पन्हळ काढतात. गोलाई पन्हळीत बसते, त्यामुळे वळणावर पट्टीचा कोन बदलला तरी फट दिसत नाही. पन्हळीची धार फार नाजूक असते, नुसत्या बोटाने चेपते. म्हणून ती शेवटी काढावी. होडी उलटी बांधली जाते, आणि पन्हळ नेहमी वर ठेवायची, गोंद तिच्यात थांबतो. हे उलट झालं तर गोंद पट्टीवरून ओघळत पायावर येतो.

पहिली पट्टी सर्वात महत्त्वाची. काठाची रेषा टोकांकडे बरीच वर चढत असेल तर पहिल्या पट्टीला तिच्यामागे ओढू नये. मध्यावर ती काठाच्या रेषेला टेकवावी आणि टोकांकडे तिला जसं जावंसं वाटेल तसं जाऊ द्यावं. राहिलेला कोपरा नंतर आखूड पट्ट्यांनी भरता येतो. पहिलीला रुंदीच्या दिशेने जबरदस्तीने वाकवलं तर तिच्यावरच्या तीसही तेच वाकडं वळण घेतात, प्रत्येक वेळी थोड्या जास्त नाखुशीने, आणि मग मध्येच एखादी पन्हळीतून उसळी मारून बाहेर येते. दोन्ही बाजूंच्या पहिल्या पट्ट्या एकाच उंचीला आहेत ना, हे प्रत्येक फर्म्यावर मोजावं. इथे मापपट्टी परत काढायची.

मग काम लयीत येतं. पन्हळीत गोंदाची बारीक ओळ, पट्टी दाबून बसवायची, मध्यापासून टोकांकडे जात प्रत्येक फर्म्यावर एक पिन, मध्ये जिथे दोन पट्ट्या एका पातळीत येत नाहीत तिथे आणखी एक. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे; एकाच बाजूला चार लावल्या तर फर्मे हळूच त्या बाजूला झुकतात. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला तर तो लाकडाच्या रंध्रांत पसरतो आणि पुढे इपॉक्सीखाली फिकट डाग दिसतात. पूर्ण सुकू दिला तर तो सिडरपेक्षा टणक होतो, रंधा त्याच्यावरून उडी मारतो आणि शेजारचं मऊ लाकूड खातो. रबरासारखा झाला की पटाशीच्या टोकाने सोलून काढावा. आतल्या बाजूचाही, वाकून, फर्म्यांच्या मधून हात घालून. आत्ता कंटाळा केला तर नंतर तोच गोंद खोलगट पृष्ठभागावर खरवडावा लागतो, तिथे रंधा चालत नाही.

बाजू संपून तळाकडे वळताना पट्टीला पीळ द्यावा लागतो: मध्यावर ती जवळजवळ आडवी, टोकाला नाळेपाशी उभी. पीळ जास्त असेल तिथे पट्टी सुटू नये म्हणून पिनांच्या जोडीला क्लॅम्प आणि रबरी पट्टे. पीळ न मानणाऱ्या पट्टीवर गरम पाण्याचं फडकं काही मिनिटं ठेवलं की ती नरमते, मात्र गोंद लावण्याआधी ती वाळू द्यावी.

तळाशी शेवटी दोन्ही बाजूंना टोकदार अशी बदामाच्या आकाराची मोकळी जागा उरते. एका बाजूच्या पट्ट्या मध्यरेषेपलीकडे जाऊ द्यायच्या, मग दोरी ताणून, रेघ मारून, करवतीने आणि रंध्याने त्या मध्यरेषेवर सरळ कापायच्या. आता दुसऱ्या बाजूची प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना निमुळती करून त्या सरळ कडेला भिडवायची. या कामात घाई करणाऱ्याची पट्टी नेमकी दोन मिमी आखूड होते. एक टोक आधी बसवावं, पट्टी जागेवर धरून दुसऱ्या टोकाची खूण करावी, खुणेच्या बाहेर कापावं आणि रंध्याचा एकेक हात मारत जवळ यावं. शेवटच्या पट्टीची गोलाई काढून टाकून ती पाचरीसारखी वरून दाबून बसवायची. या एका पट्टीला कधीकधी अर्धा दिवस जातो. तळ बंद झाल्यावर ठोकून पाहिलं तर ढोलकीसारखा आवाज येतो.

आता पिना. हजारभर तरी असतात. एकेक काढताना उपसणीच्या खाली पातळ लाकडाची चिप ठेवावी, नाहीतर मऊ सिडरमध्ये खळगा पडतो. खळगा पडलाच तर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवावी. चेपलेले धागे वाफेने फुगून वर येतात. छिद्रंही पाण्याने थोडी मिटतात. पिनांची रांग दिसू नये म्हणून काही जण पिनांशिवाय, नुसत्या क्लॅम्पने आणि दोऱ्यांनी पट्ट्या बसवतात. वेळ दुप्पट लागतो. पहिल्या होडीला पिना माराव्यात. वॉर्निशखाली ती बारीक टिंबं वाईट दिसत नाहीत.

कवच अजून गोल नसतं. अरुंद सपाट पट्ट्यांचं बनलेलं असल्यामुळे त्याला असंख्य कंगोरे असतात, विशेषतः बाजू तळाला मिळते त्या वळणावर. छोटा रंधा, धारदार, पातं अगदी थोडं बाहेर. धाग्याला थोडा तिरका, टोकांकडे चढत. रंधा झाला की लांब लवचीक फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासावं. विजेच्या गोल घासयंत्राने सिडर घासलं तर मऊ वलयं आधी झिजतात, कठीण वलयं उभी राहतात आणि पृष्ठभागावर लाटा येतात. म्हणून यंत्र शेवटी, हलक्या हाताने. पृष्ठभागभर पेन्सिलीच्या रेघा मारून घासलं की जिथे रेघा उरतात तिथे खळगा आहे हे कळतं. रात्री दिवा खाली, होडीच्या अंगाला लावून ठेवावा, म्हणजे प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तळहात त्याहून बरा. डोळे मिटून हात फिरवला तर डोळ्यांना न दिसलेलं हाताला लागतं. ६ मिमीचं लाकूड इथे ५ मिमीवर येतं, त्याखाली जाऊ नये. १२० नंबरच्या पुढे घासण्यात अर्थ नाही, फार गुळगुळीत लाकडाला इपॉक्सी नीट पकडत नाही.

ग्लासचं कापड पांढरं, साध्या विणीचं, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं. दीड मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब तुकडा एका अंगाला पुरतो. ते होडीवर अंथरून सुरकुत्या हाताने, बाहेरच्या दिशेने, सोडवायच्या. मग इपॉक्सी. मूळ रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर दिलेलं असेल तेच. दोनास एक, तीनास एक, पाचास एक, प्रत्येक बनावटीचं वेगळं, आणि वजनाचं प्रमाण आकारमानाच्या प्रमाणाशी जुळत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही पॉलिएस्टर रेझिनची सवय. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर विरघळून तसाच राहतो आणि पृष्ठभाग कायमचा मऊ-चिकट राहतो. असा थर खरवडून काढण्याखेरीज उपाय नाही. एका वेळी २००-३०० मिलिलिटरच कालवावं आणि लगेच होडीवर ओतावं. पेल्यात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, धूर निघतो, पेला वितळतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो.

तापमानाची आणखी एक खोड आहे. लाकडाच्या पोकळ्यांत हवा असते. दिवस तापत असताना इपॉक्सी लावलं तर ती हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली हजारो बारीक बुडबुडे अडकतात. म्हणून दुपार ओसरल्यावर, तापमान उतरत असताना लावायचं. आकसणारी हवा इपॉक्सीला आत ओढून घेते. सकाळी उत्साहात काम सुरू करणाऱ्यांच्या होड्या दुधाळ दिसतात त्याचं कारण हे.

ओलं होताना कापड दिसेनासं होतं. पांढऱ्या चादरीखालून लाकूड एकदम गडद, लालसर, झळझळीत वर येतं, कारण इपॉक्सी आणि काच यांतून प्रकाश जवळपास सारखाच वाकतो. या कामातला सर्वात सुखाचा क्षण हाच, आणि नेमका याच वेळी थांबून बघत बसायला वेळ नसतो. प्लास्टिकच्या पट्टीने जादा इपॉक्सी मध्यापासून खाली ओढायचं. कमी ओढलं तर कापड तरंगतं, पुढे घासताना वीण कापली जाते. जास्त ओढलं तर वीण कोरडी पडते, चांदीसारखी चमकते आणि पाणी शिरायला वाट मिळते. योग्य पृष्ठभाग विणीचा पोत दाखवतो, ओला दिसतो, पण त्यावर तळं नसतं. पहिला थर नखाने दाबला तर खूण उमटेल इतपत घट्ट झाला की वीण भरायला दुसरा, मग तिसरा. मध्ये पूर्ण सुकून गेलं तर पृष्ठभागावर साबणासारखा पातळ थर येतो. तो आधी साध्या पाण्याने धुवावा, मगच घासावं, नाहीतर पॉलिश पेपर तोच थर आत चोळून बसवतो. हातमोजे नायट्रिलचे. इपॉक्सी कातडीला लागत राहिलं की एक दिवस अंगावर पुरळ उठतं आणि त्यानंतर त्याचा वासही सहन होत नाही.

होडी फर्म्यांवरून उचलायला दोन माणसं लागतात. चिकटपट्टी नीट लागली असेल तर ती एका हलक्या कुरकुरीनंतर सुटते. उलटी करून पाहिली की ती किती लवलवीत आहे हे कळतं. बाहेर कापड, आत उघडं लाकूड; काठ हाताने दाबले तर जवळ येतात. आतून कापड लागलं की हीच भिंत दगडासारखी होते. बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मधलं लाकूड त्यांना फक्त एकमेकांपासून ५ मिमी दूर धरून ठेवतं. म्हणून आतलं काम लांबवू नये. एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडं लाकूड हवेतला ओलावा पिऊन वाकायला लागतं. तोवर काठांमध्ये आडव्या काठ्या ठोकून रुंदी नकाशाप्रमाणे धरून ठेवायची.

आतली बाजू बाहेरच्यापेक्षा अवघड, असं सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे. गोलावलेल्या पात्याची खरवडणी, वाकलेली पाठ, टोकांच्या चिंचोळ्या जागेत न पोचणारा हात. कापड खोलगट वळणात ताणलं जाऊन मध्ये पोकळी सोडतं, इपॉक्सी तळाशी साचतं. नाळेच्या कोपऱ्यात आधी इपॉक्सी आणि लाकडाच्या पिठाची पुट्टी भरून कोपरा गोल करावा, म्हणजे कापड बसतं. आतली वीण पूर्ण भरू नये. थोडा खरखरीत पोत राहिला तर ओला पाय घसरत नाही आणि अर्धा-पाऊण किलो वजनही वाचतं.

काठ अ‍ॅशचे, आत एक आणि बाहेर एक, साधारण २० मिमीचे. आतल्या काठात मध्ये मध्ये खाचा ठेवल्या तर होडी उलटी केल्यावर पाणी निथळतं आणि सामान बांधायला जागा होते. पितळी स्क्रू सुंदर दिसतात पण मऊ असतात. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडावेत, मेण लावावं, मग पितळी घालावा. नाहीतर डोकं तुटून हातात येतं. बैठका काठाच्या बऱ्याच खाली असाव्यात. उंच बसणं आरामाचं, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि होडी अकारण घाबरवते.

खांद्यावर घ्यायचं जू सर्वात शेवटी. बैठका, काठ, टोकांच्या फळ्या, सगळं बसल्यावर होडी एका गोल दांड्यावर ठेवून तोल शोधायचा आणि जू तोलाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे लावायचं. मग मागचं टोक किंचित जड राहतं, पुढचं वर उचललं जातं आणि वाहून नेणाऱ्याला रस्ता दिसतो. सगळं मिळून वजन २२ ते २५ किलो भरावं. तीसच्या वर गेलं तर बहुतेक वेळा दोष इपॉक्सीचा असतो, लाकडाचा नव्हे. लाकूड दहा किलोच्या आसपास असतं आणि ते फारसं बदलत नाही.

वॉर्निश दिखाव्यासाठी नसतं. उन्हातले अतिनील किरण इपॉक्सीला पिवळं आणि भुसभुशीत करतात, त्यामुळे ते किरण अडवणाऱ्या वॉर्निशचे तीन हात तरी हवेत, प्रत्येक दोन हातांमध्ये २२० नंबरने हलकं घासून. आणि दर एक-दोन वर्षांनी आणखी एक.

प्लायवुडच्या चार-पाच तक्त्या तांब्याच्या तारेने शिवून, सांधे पुट्टीने भरूनही कनू होते, आणि पट्ट्यांच्या कनूला लागणाऱ्या वेळाच्या चौथाईत. ४ मिमीचं सागरी प्रतीचं प्लायवुड लागतं. साध्या प्लायवुडमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात, त्यांत पाणी शिरून ती आतून कुजते. फर्मे जवळजवळ लागत नाहीत, तार शेवटी कापून टाकली की झालं. कोपरे मात्र राहतात. ज्याला पाण्यावर लवकर जायचंय त्याने हीच करावी, त्यात कमीपणा काही नाही.

पट्ट्यांची होडी पाण्यावर गेल्यानंतर घरात तुळई आणि पंधरा फर्मे उरतात. अडगळ म्हणून ते मोडायची घाई करू नये. कडांवरची चिकटपट्टी आणि गोंदाचे थेंब काढावेत, प्रत्येकावर क्रमांक, मध्यरेषा आणि 'टोकाकडची बाजू' असं ठळक लिहावं, मध्ये एक भोक पाडून सगळे एका दोरीत ओवून भिंतीला टांगावेत. कोणत्या फर्म्याला चिपाट लावलं, कोणता किती रंधला, हे त्याच्यावरच पेन्सिलीने नोंदवावं. दुसऱ्या होडीच्या वेळी ते ओळंब्यात उभे करायला एक दिवस पुरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पट्टी लागते.